दहावीचा पीटीचा तास गणिताला देऊ नका : एका गणित शिक्षकाचं म्हणणं

गणिताचे सर

अकरा वर्षं मी पीटीचा तास मागून घेत आलो. दिवाळीची सुट्टी संपली की खेळाच्या सरांना गाठायचं आणि म्हणायचं, "दहावी ब चा तास द्या सर, भूमितीची दोन प्रकरणं राहिलीत." त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. विज्ञानाच्या बाईही मागायच्या, इंग्रजीचे सरही. जानेवारीपर्यंत दहावीच्या पोरांना मैदान फक्त खिडकीतून दिसायचं.

गेल्या वर्षी खेळाचे नवे सर आले. त्यांनी तास सोडला नाही, आणि वेळापत्रक असं बसलं की पीटी तिसरा तास आणि माझा गणिताचा चौथा. पहिले काही दिवस मी मनातून चिडलेलो होतो. पोरं आत यायची तीच नळावरून तोंड ओलं करून, गुडघ्यांना मुरुमाची लाल माती. बसून वह्या उघडेपर्यंत पाच मिनिटं जायची. पण त्यानंतरची पंचवीस मिनिटं मला वेगळी वाटू लागली. एक मुलगी आहे, भूमितीच्या तासाला कायम मान खाली. त्या दिवशी ती खो-खो खेळून आली होती. मी स्पर्शिकाखंडाच्या प्रमेयाची आकृती काढून थांबलो. ती उठली, फळ्याशी आली, दोन त्रिकोणांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, दोन्ही काटकोन, कर्ण सामाईक, त्रिज्या सारख्या. कर्ण-भुजा." वर्षभरात तिचं मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

एका मुलीवरून मी काही सिद्ध करत नाही. पण तेव्हापासून वाचत सुटलो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी 2009 साली नऊ-दहा वर्षांच्या 20 मुलांवर केलेला प्रयोग मला सापडला. एके दिवशी मुलं 20 मिनिटं ट्रेडमिलवर चालली, एके दिवशी नुसती बसून राहिली. चालल्यानंतर, नाडी खाली आल्यावर, लक्ष विचलित करणाऱ्या चाचणीत त्यांची उत्तरं जास्त अचूक आली आणि वाचलेलं जास्त समजलं. महिनोन्‌महिने व्यायाम नाही, फक्त एकदा, वीस मिनिटं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पीटीचा तास काढून घेतल्याने आपण अभ्यासाचा वेळ वाढवत नाही, पुढच्या तासाची धार घालवतो. ज्या शिक्षकांनी आणि पालकांनी हे अनुभवलंय, त्यांनी लिहावं. ज्यांना पटत नाही त्यांनी तर जरूर लिहावं.

मोजमाप

सर, तळमळ पोचली. पण ज्या प्रयोगावर तुम्ही उभे आहात त्याचा पुढचा भाग तुम्ही लिहिला नाहीत. त्याच मुलांची अंकगणिताची चाचणीही घेतली होती. वाचनाच्या आकलनात फरक दिसला, अंकगणितात दिसला नाही. गणिताच्या शिक्षकाने तो प्रयोग गणितासाठी वापरणं मला खटकलं.

आणि 20 मुलं म्हणजे तुमच्या अर्ध्या वर्गाएवढीही नाहीत. अशा छोट्या प्रयोगांची बेरीज करून बघितली तर काय उरतं? 2012 साली 79 अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. एकदाच केलेल्या व्यायामाचा विचारशक्तीवर परिणाम चांगल्या बाजूचाच निघाला, पण सरासरी प्रमाण विचलनाच्या एक दशांशाएवढा. शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध उभा असलेला मुलगा फार तर चार जागा पुढे सरकेल. तोही सरासरीने, आणि थोड्या वेळापुरता.

आणखी एक. औषधाच्या चाचणीत कोणाला खरी गोळी मिळाली आणि कोणाला साखरेची, हे रुग्णाला कळू देत नाहीत. व्यायामात ते कसं लपवणार? जो धावला त्याला ठाऊक असतं की आपण धावलोय, आणि आता आपल्याकडून काहीतरी अपेक्षा आहे. त्या अपेक्षेनेही चाचणी बरी जाते. तुमच्या वर्गातली ती मुलगी खो-खोमुळे उठली, की खो-खोत तिला कोणीतरी टाळ्या दिल्या म्हणून उठली?

गणिताचे सर

अंकगणिताचा मुद्दा बरोबर आहे. मी तो गाळायला नको होता.

पण तो प्रश्न तिथेच संपला नाही. 2013 साली त्याच गटातल्या संशोधकांनी पुन्हा मुलं घेतली. त्यातल्या 20 जणांना लक्ष न टिकण्याचा त्रास होता, ज्याला आपल्याकडे एडीएचडी म्हणतात, आणि 20 जणांना नव्हता. पुन्हा वीस मिनिटांचाच व्यायाम. या वेळी वाचन आणि अंकगणित दोन्हींत फरक दिसला, आणि दोन्ही गटांत दिसला. ही संख्याही छोटीच आहे, मान्य.

चार जागांबद्दल मात्र मी भांडणार. आम्ही सराव परीक्षेच्या आधी पोरांना जादा तास घेतो, रविवारी बोलावतो. त्यातून शंभरात किती जागा पुढे सरकतात हे कोणी कधी मोजलंय का? तिथे आम्ही न मोजता पोरांचा रविवार घेतो आणि इथे पस्तीस मिनिटांसाठी पुरावा मागतो.

दहावीची आई

मला दोघांचंही ऐकून धास्ती वाटते आहे. माझा मुलगा शाळेच्या कबड्डी संघात आहे. संध्याकाळी सव्वासातला घरी येतो. ताट वाढेपर्यंत सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेला असतो. जेवायला उठवते, जेवतो, पुस्तक घेऊन बसतो आणि पानावर डोकं टेकतो. व्यायामाने मेंदू तल्लख होतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, माझ्या घरी सव्वासात वाजता येऊन बघा.

सर, तुम्ही सांगता तो खो-खो आणि स्पर्धेआधीचा सराव यांत फरक आहे की नाही? की सगळा व्यायाम एकच?

पाठीचा कणा (फिजिओथेरपिस्ट)

ताई, फरक आहे आणि खूप आहे. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे.

माणूस हलायला लागला की शरीर जागं होतं. नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन ही रसायनं वाढतात. ती मेंदूला सांगतात की आता इकडे लक्ष दे. थोडी वाढली तर लक्ष लागतं, नको त्या आवाजाकडे दुर्लक्ष करता येतं. पण हा आलेख डोंगरासारखा आहे, चढतो तसा उतरतोही. दम पूर्ण निघेपर्यंत धावलेल्या माणसाला लगेच अवघड गणित दिलं तर तो चुकणारच. जोरात पळताना मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे आखणी करणारा, स्वतःला आवरणारा भाग, थोडा मागे पडतो असाही एक विचार आहे. फायदा दिसतो तो बहुतेक वेळा थांबल्यानंतर, श्वास जागेवर आल्यावर.

बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं आणि त्याने मेंदूच्या पेशींचे जोड पक्के होतात, हे सगळीकडे छापून येतं. एका सत्रानंतर रक्तात ते वाढतं आणि बरेचदा तासाभरात खाली येतं. पण रक्तात वाढलं म्हणजे मेंदूत तितकंच वाढलं असं धरू नये.

मी पालकांना साधी खूण सांगते. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. अभ्यासाआधी इतपत पुरे. तुमच्या मुलाचा सराव त्याच्या बराच वरचा आहे. शिवाय तो उपाशीपोटी, घाम गाळून, नीट पाणी न पिता येतो का, तेही बघा. त्याला सरावानंतर अभ्यासाला बसवू नका. सरावाआधी, शाळा सुटल्या सुटल्या तासभर बसू दे.

मोजमाप

ताईंना दिलेला सल्ला चांगला आहे. पण बघा, आता वाक्य केवढं लांब झालं. "व्यायामाने पुढच्या तासाला धार येते" इथून निघालो. आता म्हणतोय की हलका किंवा मध्यम व्यायाम, वीसेक मिनिटं, पोटात काही असताना, पाणी पिऊन, श्वास जागेवर आल्यावर, थोडा वेळ. हे वाक्य घेऊन मुख्याध्यापकांकडे कोणी जाणार आहे का?

धावपट्टी ८००

मी पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या गावावरून तालुक्याला अभ्यासिकेत येते. माझं रोजचं जगणंच हा प्रश्न आहे म्हणून लिहिते.

मैदानी आणि लेखी अशा दोन्ही परीक्षा आम्हाला द्यायच्या असतात. मैदानात मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. लेखीत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. पहाटे पाचला मैदानावर, साडेसातला अभ्यासिकेत. ज्या दिवशी सर ४०० चे सहा राउंड लावतात, त्या दिवशी काळ-काम-वेगाचं गणित तीन वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. ज्या दिवशी हलकं जॉगिंग आणि स्ट्रेचिंग असतं त्या दिवशी दहापर्यंत कशी वेळ जाते कळत नाही. मी वहीत लिहून ठेवते म्हणून सांगते. तीन महिन्यांच्या वहीत जड दिवसाची गणितं जवळजवळ कायम कमी सुटलेली आहेत.

मग मी उलटं केलं. पाठांतराचं, म्हणजे कलमं, सनावळ्या, घाट आणि नद्या, हे दुपारी. जड धावणं संध्याकाळी. दोन दिवसांनी मैत्रिणीकडून उलटतपासणी. सकाळी धावून लगेच पाठ केलेल्यापेक्षा हे जास्त राहतं असं मला वाटतं. यामागे काही आहे का, की माझ्या मनाचे खेळ?

पाठीचा कणा

दीदी, तुझी वही जपून ठेव. तू जे केलंस त्याच्याशी बरंच मिळतं काम नेदरलँड्समध्ये नायमेखन इथे झालं, 2016 साली छापून आलं. 72 जणांना 90 चित्रं आणि त्यांच्या जागा शिकवल्या. मग तीन गट. एकाने लगेच 35 मिनिटं सायकल मारली, एकाने चार तासांनी, एकाने मारलीच नाही. दोन दिवसांनी परीक्षा. चार तासांनी सायकल मारणाऱ्यांना सगळ्यात जास्त आठवलं. लगेच मारणाऱ्यांना न मारणाऱ्यांपेक्षा जास्त आठवलं नाही. शिकलेलं मेंदूत पक्कं व्हायला काही तास लागतात, आणि उशिरा आलेला व्यायाम त्या कामाला हात लावतो, असा त्यांचा कयास.

मोजमाप

आणि जर्मनीत म्युन्स्टरला 2007 साली नेमकं उलट दिसलं. तिथे 27 जणांना शब्द शिकण्याआधी जोरात पळवलं, तीन-तीन मिनिटांच्या दोन धावा. ते शब्द वीस टक्के लवकर शिकले. म्हणजे एक म्हणतो आधी आणि जोरात, दुसरा म्हणतो नंतर आणि चार तासांनी. सर म्हणतात आधी आणि मध्यम. मुलीने कोणाचं ऐकायचं?

धावपट्टी ८००

दादा, मी माझ्या वहीचं ऐकणार. पण तुमचा मुद्दा समजला. शिकणं सोपं होणं वेगळं आणि शिकलेलं टिकणं वेगळं. जर्मनीवाल्यांनी पहिलं मोजलं, नेदरलँड्सवाल्यांनी दुसरं. दोन्ही खरं असू शकतं ना?

सत्तरीतली बाई

मुलांच्या धाग्यात मधेच आले. मला दहावी नाही, पण नावं आठवत नाहीत. समोर ओळखीचा माणूस उभा असतो आणि नाव जिभेवर येऊन परत जातं. भाजीवालीशी बोलताना मेथी आठवली नाही, त्या दिवशी घरी येऊन रडले. लेकाने लंडनच्या विद्यापीठाचा 2024 चा अभ्यास वाचून दाखवला. 50 ते 83 वर्षांच्या 76 माणसांच्या हातावर मोजणारं यंत्र बांधलं, रोज चाचण्या घेतल्या. आदल्या दिवशी ज्यांची भरभर हालचाल जास्त, त्यांची दुसऱ्या दिवशी स्मरणाची चाचणी थोडी बरी. थोडीच. झोप नीट झाली असेल तर त्याचा वेगळा फायदा.

मी रोज अर्धा तास झपझप चालते. नावं परत आली असं म्हणणार नाही. पण चाललेल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी हरिपाठ न अडखळता होतो. मोजमाप यांना हे पुरावा वाटणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी मला चालणं थांबवायला सांगू नये.

मोजमाप

मावशी, मी कुणालाच थांबवत नाही. उलट माझी तळमळ नीट सांगायची राहिली, ती आता सांगतो.

माझी मुलगी आठवीत आहे. तिचाही पीटीचा तास जातो. मला तो परत हवा आहे, सरांपेक्षा जास्त हवा आहे. पण सर तो मागताना म्हणतात की याने गणित सुधारेल. उद्या कोणी मोठा, नीट केलेला अभ्यास आणला आणि त्यात गणित सुधारलं नाही असं निघालं, तर मग तास परत द्यायचा का? पोरांनी पळावं, पडावं, भांडावं, घाम काढावा, यासाठी गुणांची कुबडी का लागते? वेळापत्रकात तो तास आहे. तो पोरांचा आहे. दुसऱ्याचा तास घेताना आपण कारण सांगतो का की संस्कृतच्या तासाने विज्ञान सुधारतं?

छोट्या परिणामाला मोठा करून विकलं की तो परिणाम खोटा ठरल्यावर सोबत खरी गोष्टही बुडते. मला त्याची भीती आहे.

गणिताचे सर

हे मी दोनदा वाचलं. काल रात्री लिहायला बसलो आणि पुसलं.

तुमचं तत्त्व बरोबर आहे. पण मी शिक्षक खोलीत बसतो, तुम्ही नाही. तिथे "तो पोरांचा तास आहे" म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि सोमवारी तास मागायला येतात. मी स्वतः तसाच डोलावून अकरा वर्षं मागत होतो. मला कोणी "पोरांचा हक्क" सांगितला असता तर मी पोर्शन दाखवला असता. मला हलवलं ते चौथ्या तासाने. म्हणून मी गणिताच्या भाषेत बोलतो, कारण समोरचा गणिताचाच आहे.

तरीही एक बदल करतो. येत्या शनिवारी आमची सभा आहे, सराव परीक्षेचं वेळापत्रक ठरायचंय. "गणित सुधारतं" असं मी म्हणणार नाही. पुढचा तास बुडत नाही, झालाच तर थोडा बरा होतो, एवढंच सांगणार. आणि ज्या वर्गांचा पीटीचा तास दुपारी येतो तो उन्हातून काढून सकाळच्या पहिल्या चारात ठेवा, म्हणजे मार्चमध्ये पोरं करपणार नाहीत, असं मागणार. कबड्डीच्या मुलांच्या पालकांना सरावाची वेळ आधी कळवावी, हेही.

दहावीची आई

सर, पाणीही मागा. आमच्या शाळेत मैदानाजवळचा नळ दिवाळीपासून बंद आहे.

गणिताचे सर

लिहून घेतलं, ताई. नळ पहिल्या क्रमांकावर.