मदत हवी आहे: तिसरीच्या मुलांचं वाचन ॲपकडून तपासून घ्यावं का? (सोलापूर, घरी तेलुगू बोलणारी मुलं)

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खाजगी अनुदानित मराठी शाळेत मी तिसरीला शिकवते. संस्थेची बैठक जवळ आली आहे, त्याआधी मला थोडा सल्ला हवा आहे.

एका कंपनीने आमच्या संस्थेला वाचन तपासणारं ॲप मोफत देऊ केलंय. मूल टॅबसमोर उतारा वाचतं, ॲप ऐकतं, चुकलेला शब्द लाल होतो आणि शेवटी मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले तो आकडा येतो. प्रत्येक मुलाचा अहवाल आपोआप तयार. संस्थाचालकांना हे का आवडलं ते मला कळतं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. वर्गाचा पट पन्नाशीच्या आसपास. एकेकाला जवळ बसवून ऐकायचं, नोंद करायची, वर पोर्टलवर माहिती भरायची, यात दिवस जातो.

कंपनीची माणसं येऊन नमुन्यादाखल चाचणी घेऊन गेली, तेव्हापासून माझ्या मनाला हे पटेनासं झालंय. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात. वडील जेकार्ड मागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळते. वर्गातलं गोष्टीचं पुस्तक सगळ्यांच्या आधी संपवणारी एक मुलगी आहे. तिच्यासमोर 'पाण्याची धार' आलं, ती 'पाण्याची दार' असं बोलली. लाल. 'भाकरी'ची 'बाकरी' झाली, लाल. 'खांब'चा 'कांब', लाल. मी तिला विचारलं, धार म्हणजे काय गं? तिने हात उंच करून तांब्या तिरका केल्याची खूण केली आणि म्हणाली, 'बाई, असं पडतंय ते.' आकडा आला 38.

तिच्यानंतर बसलेला मुलगा घडाघडा वाचून गेला. सगळं हिरवं, आकडा साठाच्या वर. गोष्टीत कोण कोण होतं एवढंच विचारलं, तर त्याला एकाचंही नाव सांगता येईना.

घरात तेलुगू बोलणाऱ्याच्या तोंडी ख, घ, ध, भ हलके होतात, हे इथल्या प्रत्येक शिक्षिकेला माहीत आहे. आम्ही त्याला वाचनाची चूक धरत नाही, उच्चार हळूहळू सुधारून घेतो. ॲपच्या अहवालात मात्र ती मुलगी 'मागे' पडली आहे, आणि तो अहवाल पालकांना दाखवायचा, वर पाठवायचा असं ठरतंय. शाळेनेच तिला कच्ची ठरवलं तर घरचे तिला पुढे कशाला शिकवतील? आमच्याकडे मुलींची शाळा सुटायला फार मोठं कारण लागत नाही.

दुसरं म्हणजे संमतीपत्र. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो, आधार क्रमांक, पालकांचा मोबाइल मागितलाय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की आवाजाचं रेकॉर्डिंग 'उत्पादन सुधारण्यासाठी' वापरलं जाईल. किती काळ ठेवणार, ते कुठेच नाही.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, वर्गात टॅब मी रोज वापरते. बैठकीत नुसतं 'मला बरं वाटत नाही' म्हणून चालणार नाही, मुद्दे हवेत. ॲप माझ्या मुलांना नीट ऐकतंय की नाही हे तपासायचं कसं? संमतीपत्रात काय मागायचा हक्क आम्हाला आहे? आणि ॲप नको झालं तर पन्नास मुलांचं वाचन ऐकायची दुसरी सोय काय?

होटगीकर

मॅडम, तुमचं दुखणं कळलं, तरी दुसरी बाजू मांडतो. माझी झेडपीची शाळा, अक्कलकोट तालुक्यात, पोरं घरी कन्नड बोलतात. आम्ही दोन शिक्षक आणि चार इयत्ता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला लावू नये असं लिहिलंय. त्यातली निवडणुकीची कामंच एवढी असतात की वर्षातले किती दिवस जातात विचारू नका. अशा ठिकाणी पोराचं वाचन कुणीच ऐकत नाही. माणसाने नीट ऐकणं आणि ॲपने अर्धवट ऐकणं यात मी माणूसच निवडेन की ओ. पण ॲपने अर्धवट ऐकणं आणि कुणीच न ऐकणं यात? ॲप एका झटक्यात मोडीत काढू नका. कंपनीला आपल्या अटीवर आणता येतं का ते बघा.

ध्वनीचा_माणूस

मी पुण्यात आवाज ओळखणाऱ्या प्रणालींवर काम करतो. तुम्ही म्हणता त्या कंपनीशी माझा संबंध नाही.

लहान मुलांचं बोलणं यंत्राला मुळातच जड जातं. त्यांची पट्टी वरची असते, अक्षर लावत लावत वाचतात, मध्येच थांबतात, एकच शब्द दोनदा म्हणतात. या प्रणाली ज्या आवाजांवर शिकवलेल्या असतात त्यात बहुतेक मोठी माणसं. म्हणून मुलांच्या बाबतीत चुका जास्त होतात, हे जगभर दिसून आलंय. तुमच्याकडे त्यात घरची भाषा वेगळी, आणि बहुतेक खिडकीबाहेर लूमचा खडखडाटही असेल.

उलट बाजूची चूक सहसा कुणी पाहत नाही. समोर कोणता उतारा आहे हे वाचनाच्या ॲपला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ते अपेक्षित शब्दाकडे झुकतं. मुलाने शब्द अर्धवट पुटपुटला तरी हिरवा मिळू शकतो. म्हणजे चुकीचं लाल आणि चुकीचं हिरवं, दोन्ही तपासायला हवं.

तपासणी तुम्ही शाळेतच करू शकता. वीस मुलं घ्या, दहा तेलुगू घरातली, दहा मराठी. उतारा सगळ्यांना एकच. शाळेच्या फोनवर रेकॉर्ड करा. दोन शिक्षिकांनी एकमेकींना न दाखवता छापील उताऱ्यावर चुकलेल्या शब्दांना खुणा करायच्या. जिथे दोघींचं एकमत आहे, त्या शब्दांना ॲप काय म्हणतंय ते पाहायचं. दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की 'बहुतांश अचूक' असं छान वाक्य तयार होतं आणि तुमची ती मुलगी त्यात दिसेनाशी होते. वीस मुलांवरून टक्केवारीचे मोठे दावे करू नका, पण कल एकाच गटाकडे असेल तर तो एवढ्यातही दिसतो.

सुरू करण्याआधी 'धार'ची 'दार' ही वाचनातली चूक धरायची की उच्चारभेद, हे तुमचं तुम्ही ठरवून लिहून ठेवा. मग कंपनीला विचारा, असे उच्चार 'स्वीकार्य' म्हणून जोडता येतात का. चांगल्या प्रणालीत ते जमतं. 'अल्गोरिदममध्ये हात घालता येत नाही' असं उत्तर आलं, तर तुमच्या वर्गासाठी ते ॲप अजून तयार नाही असं समजा.

आणखी एक. 2022 मध्ये तिसरीच्या मुलांचा जो राष्ट्रीय मूलभूत अध्ययन अभ्यास झाला, तो 20 भाषांमध्ये झाला आणि वाचनाच्या वेगाची पातळी प्रत्येक भाषेसाठी वेगळी ठरवली गेली. संस्थाचालकांना हे जरूर सांगा.

कोर्टाची_पायरी

ताई, संमतीपत्राबद्दल लिहिते. वकिली करते, पण हा सर्वसाधारण सल्ला समजा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतील. कंपनी कदाचित म्हणेल की शैक्षणिक संस्थांना सूट आहे. सूट आहे, पण ती संस्थेच्या स्वतःच्या शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. मुलांच्या आवाजावर कंपनीने आपलं उत्पादन घडवणं त्यात बसतं असं मला वाटत नाही. बैठकीत याच ओळीवर बोट ठेवा.

तुमच्या कामाची सगळ्यात मोठी तरतूद भाषेची आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय पालकांना द्यावा लागतो. तेलुगू, कन्नड, उर्दू तिन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे तेलुगू संमतीपत्र मागताना आपण कुणाकडे उपकार मागत नाही.

आधारचा रकाना सरळ काढायला लावा. शाळाप्रवेशासाठीसुद्धा आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात सांगितलं आहे. वाचन तपासायला त्याची गरज काय? फोटोचीही नाही. नावाऐवजी शाळेने दिलेला क्रमांक पुरे, आणि कोणता क्रमांक कुणाचा ती वही शाळेच्या कपाटात राहू दे.

ध्वनीचा_माणूस

यांच्या म्हणण्याला जोड देतो. मॉझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या खुल्या उपक्रमात मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषा आहेत. तिथे लोक जाणूनबुजून, स्वखुशीने आवाज देतात आणि तो संग्रह सगळ्यांना खुला राहतो. कंपनीला आवाज हवे असतील तर मागायची रीत अशी असते. तिसरीतल्या पोरांच्या परीक्षेआडून घेण्याची नसते.

निवृत्त_बाई_बार्शी

पन्नास मुलं एका दिवशी ऐकायची म्हटली तर छाती दडपेल. रोज परिपाठानंतर पाच मुलं घ्या, बाकीच्यांना लेखन द्या. एक मिनिट वाचन आणि दोन प्रश्न. दोन आठवड्यांत वर्ग फिरून होतो. 'असर' या शिक्षण सर्वेक्षणाचं वाचनाचं साधन 2005 पासून वापरात आहे. अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट एवढंच, कागदावर छापलेलं. वीज लागत नाही, नेट लागत नाही, आणि ऐकणारा माणूस असतो.

आकड्याबरोबर एक ओळ लिहायची सवय ठेवा. 'अर्थ सांगते, महाप्राण (ख, घ, ध, भ) हलका' अशी नोंद पुढच्या वर्गाच्या बाईंना 38 या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर बऱ्याच गोष्टी मराठीत आणि तेलुगूतही मिळतात, छापून घ्यायला मोकळ्या आहेत. तीच गोष्ट घरी कुणीतरी तेलुगूत वाचून दाखवली तर मूल दुसऱ्या दिवशी मराठीत ती वेगळ्याच तयारीने वाचतं.

विडी_घरकुल

बाई, माझ्या आईने जन्मभर विड्या वळल्या. पीएफचा कागद, घराचा कागद, बँकेचा कागद, समोर आला की सही करायची, एवढंच तिला ठाऊक. शाळेचा कागद असेल तर विचारणारसुद्धा नाही, कारण शाळेवर तिचा भरवसा आहे. म्हणून तेलुगूत नुसतं छापून भागणार नाही. इथल्या कितीतरी आया तेलुगू बोलतात पण तेलुगू लिपी वाचत नाहीत. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं आणि 'नाही म्हटलं तरी पोराला काही होणार नाही' हे दोनदा सांगायला हवं. सभा वळलेल्या विड्यांचा माल द्यायच्या वेळेला ठेवू नका. हजार विड्यांवर मजुरी असते, खाडा कुणाला परवडत नाही. आणि तेलुगूही इथलं, सोलापुरातलं वापरा. हैदराबादच्या पुस्तकातलं तेलुगू माझ्या आईला अर्धंच कळतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. होटगीकर सर, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. ज्या शाळेत ऐकायला माणूसच नाही तिथे ॲप काही तरी करेल, हे मान्य. पण तिथेही त्याने पोराला आणखी वाचायला लावावं, पोराची प्रत त्याने ठरवू नये. रोजच्या सरावाला ॲप ठेवायला माझी हरकत नाही. त्याचा आकडा प्रगतिपुस्तकात जायला आहे.

बैठकीसाठी अर्ज तयार करतेय. वीस मुलांची तपासणी आधी, निर्णय नंतर. दोन्ही गटांचे आकडे वेगळे. आधार, फोटो आणि 'उत्पादन सुधारण्या'ची ओळ बाहेर. रेकॉर्डिंग शैक्षणिक वर्ष संपताच पुसायचं आणि तसं लेखी द्यायचं. संमतीपत्र मराठी, तेलुगू आणि उर्दूत, सभेत वाचून. पालकांनी नकार दिला तर त्या मुलाचं वाचन मी कागदावर ऐकणार. पाच-पाच मुलांचा क्रम मी सोमवारपासून लावतेय, कंपनी हो म्हणो की नाही.

दोन गोष्टी अजून हव्यात. तेलुगू मजकूर मी सहकारी शिक्षिकेकडून करून घेतेय, तो इथल्या बोलीत बसतो का ते कुणी तपासून देईल का? आणि तपासणीच्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकायला दुसऱ्या शाळेतली एक शिक्षिका मिळाली तर बरं, म्हणजे दोघी एकाच शाळेच्या म्हणून कुणी बोट दाखवायला नको.

विडी_घरकुल

मजकूर पाठवा. आईलाच वाचून दाखवतो, जिथे ती थांबवेल तिथे खूण करून देतो.

होटगीकर

आमच्या केंद्रातल्या एक मॅडम शनिवारी दुपारी सोलापुरात असतात. घरी कन्नड, शाळेत मराठी, कान तयार आहे. विचारून आज रात्री कळवतो. आणि तुमचा अर्ज तयार झाला की इथे टाका, आमच्याकडेही तीच कंपनी येणार असं कानावर आलंय.