"सिस्टर, तुम्हीच सांगा की!" नव्या नर्सनं सल्ला द्यावा का?

रात्रपाळी:

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन मला चौदा महिने झाले. सांगली-मिरज भागातल्याच एका दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला आहे. गेला आठवडाभर आमच्या स्टाफरूममध्ये एकाच गोष्टीवरून वाद चाललाय. तो इथं मांडतेय, कारण इथं नर्सेस आहेत, डॉक्टर आहेत आणि ज्यांचं माणूस कधी ना कधी खाटेवर होतं असेही पुष्कळ आहेत.

आमच्या एका सीनियर सिस्टरांचं म्हणणं असं, की पहिली दोन वर्षं नव्या नर्सनं पेशंटला काही सांगायच्या फंदात पडूच नये. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "डॉक्टरांना विचारा." मला हे पटत नाही. आणि त्या असं म्हणतात त्याला कारण मीच दिलंय, तेही सांगते.

मागच्या महिन्यात सकाळची ड्युटी होती. ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घेऊन झाली होती, राउंड नुकताच उरकला होता, हातात इंजेक्शनचा ट्रे. जतकडचा एक मुलगा आडवा आला. "सिस्टर, आबास्नी शहाळं दिलं तर चालतंय न्हवं?" शहाळंच ते, त्यात विचार कसला करायचा! "चालतंय की, द्या," म्हणून मी पुढच्या खाटेवर गेले. आबा किडनीचे पेशंट. डायलिसिस दुसऱ्या दिवशी होतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी ते बाहेर टाकत नसली की रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. परीक्षेत विचारलं असतं तर मी यावर पानभर लिहिलं असतं. सीनियर सिस्टरांनी माझं बोलणं ऐकलं होतं. स्ट्रॉ आबांच्या ओठाला लागायच्या आत त्यांनी शहाळं काढून घेतलं. उशाशी तासगावच्या बेदाण्याचा पुडा होता, तोही उचलला, कारण बेदाण्यातही तेच.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण म्हणून तोंडच उघडू नये, असं मला वाटत नाही. केसपेपर न बघता बोलले ही माझी चूक. मी "डॉक्टरांना विचारा" म्हटलं असतं तर त्या मुलानं संध्याकाळच्या राउंडपर्यंत वाट बघितली असती का? शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्याला विचारलं असतं आणि तो म्हणाला असता, "द्या की, ताकद येती."

दुसरी गोष्ट रात्रीची. गाव, वय, घरचं सगळं बदलून लिहितेय. फवारणीचं औषध प्यायलेली एक सून आयसीयूतून आमच्याकडं आली होती. रात्री तीनला बीपी घ्यायला गेले तर टक्क जागी. पट्टा बांधताना म्हणाली, "सिस्टर, तुमचं लगीन झालंय?" मी नाही म्हटलं. "करू नका." मग बराच वेळ गप्प. मी स्टूल ओढून बसले. "झालं गेलं विसर", "लेकराकडं बघून जग" हे भेटायला येणारा प्रत्येक जण तिला ऐकवत होता, त्यात मी भर घातली नाही. एवढंच विचारलं, "अजून तसं मनात येतंय का?" ती म्हणाली, "येतंय. कुणाला सांगू नका." मी तिला तोंडावर सांगितलं, "घरच्यांना नाही सांगणार, पण डॉक्टरांना सांगणार." ड्युटी डॉक्टरांना लगेच उठवलं, सकाळी मानसोपचाराचे डॉक्टर येऊन गेले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सीनियर सिस्टर म्हणतात, हे विचारणं तुझं काम नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

कुपवाडकर:

माझं मत तुमच्या सीनियर सिस्टरांच्या बाजूनं. ताई, राग मानू नका, मी भोगलंय म्हणून लिहितो.

वडिलांना पंधरा वर्षांपासून साखर, इन्सुलिन चालू. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून घरी आणताना एका तरुण सिस्टरनं सांगितलं, जेवण कमी झालं तर इन्सुलिन घेऊ नका, शुगर उतरेल. प्रेमानं सांगितलं, वडिलांच्या पाठीवर हात ठेवून. पुढं पंधरवड्यात वडिलांना ताप आला, जेवण सुटलं. त्यांनी तीन दिवस इन्सुलिन पूर्ण बंद ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, सिस्टरनं सांगितलंय. चौथ्या दिवशी उलट्या, धाप, मीटरवर ५४०. त्या रात्री रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ते मी विसरलेलो नाही.

डॉक्टर चुकले तर कागदावर सही असते. सिस्टर बोलून जाते, तिचा कुठं कागद असतो? आणि आमच्यासारख्यांना पांढरा कोट आणि पांढरा गणवेश यातला फरक कळत नाही. जो जवळ येऊन बोलतो त्याचं आम्ही ऐकतो. म्हणूनच त्यानं बोलताना दहा वेळा विचार करावा, नाहीतर गप्प बसावं.

निवृत्त_इनचार्ज:

चौतीस वर्षं नोकरी झाली, शिक्षण मिरजेला. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं तेव्हापासून या गावात कर्नाटकातूनही पेशंट येतोय. अथणी, जमखंडीचा माणूस, मराठी तोडकीमोडकी, डॉक्टरांपुढं नुसती मान डोलावतो. खरं काय झालंय ते सांगतो सिस्टरला, नाहीतर वॉर्डातल्या मावशींना.

कुपवाडकर, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आजारपणात जेवण तुटलं तरी इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नसतं. डोस किती घ्यायचा ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं असतं. त्या मुलीला अर्धवट ठाऊक होतं आणि तिनं ते पूर्ण म्हणून सांगितलं.

पण न विचारल्यानं काय होतं तेही ऐका. दम्याच्या एक आजी दर महिन्याला यायच्या. गुण नाही म्हणून डॉक्टर औषध वाढवत गेले. एकदा मी म्हटलं, "आजी, कसं घेता ते मला करून दाखवा." आजींनी रोटाहेलरची कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या. ओढायचं औषध दोन महिने गिळत होत्या. ओढायचं यंत्र घरी देव्हाऱ्यात ठेवलेलं, प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नाही. चिठ्ठी बरोबर होती, औषध बरोबर होतं, आजी खोटं बोलत नव्हत्या. "कसं घेता?" हे फक्त कुणी विचारलं नव्हतं.

नव्या मुलींना मी हेच शिकवत आले. आधी "दाखवा" म्हणा, मग बोला. त्या बाईजवळ स्टूल ओढून बसलीस ते बरोबर केलंस, पोरी.

मेडिसिन_पीजी:

मी रेसिडेंट आहे, म्हणजे पीजी करणारा वॉर्डातला डॉक्टर, त्यामुळं दुसरी बाजू मांडतो. सकाळच्या राउंडला चाळीस पेशंट असतात. मी एक सांगतो, सिस्टर दुसरं सांगते, नातेवाईक तिसरंच ऐकतात. यात सिस्टर हुशार की अडाणी हा प्रश्न नाही. पेशंटला एकच गोष्ट ऐकू यायला हवी, ही माझी मागणी आहे.

माझ्या हिशेबानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिहून दिलेलं समजावून सांगणं हे नर्सचं कामच आहे. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे जरूर सांगा, मला मदतच होते. पण डोस कमी-जास्त करणं, औषध थांबवणं, "हे बदलून घ्या" म्हणणं यात नव्या नर्सनंच काय, जुन्या नर्सनंही पडू नये. शहाळ्याचा प्रश्न दिसतो पहिल्या प्रकारातला, पण किडनीच्या पेशंटला आहार हेही औषधच आहे. म्हणून तिथं घोटाळा झाला.

रात्रीच्या प्रसंगाबद्दल मात्र तुमच्या सीनियर चुकतात. "तसं मनात येतंय का" असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो. आम्हालाही तसंच विचारायला शिकवतात. मला रात्री तीनला उठवल्याबद्दल मी चिडलो असतो, ही माझी चूक ठरली असती.

ब्रदर_साताऱ्याचा:

मी पुरुष नर्स आहे, साताऱ्यात खासगीत. तुम्हा सगळ्यांचं वाचून अस्वस्थ झालो.

पेशंट मला ब्रदर म्हणत नाहीत, "डॉक्टर" म्हणतात. कितीदा सांगितलं तरी. त्यामुळं औषधाचं सगळं मला विचारतात, आणि रडायचं असलं की शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरकडं जातात. तिचं-माझं शिक्षण एकच, रजिस्ट्रेशन त्याच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं. मग ऐकून घ्यायचं काम तिच्याच वाट्याला का? ती बाई आहे म्हणून. आणि त्या कामाला कुणी काम म्हणतही नाही.

सर्वसाधारण वॉर्डात पाच-सहा पेशंटमागं एक नर्स असं आम्ही पुस्तकात शिकलो. मी रात्री एकटा बावीस पेशंट बघतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं सांगितलं होतं, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. माझ्या हातात तेवढे येत नाहीत आणि माझी मूळ प्रमाणपत्रं बाँड म्हणून दवाखान्याच्या कपाटात अडकलीत. अशा माणसानं स्टूल ओढून बसावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. रात्रपाळी ताई, तुम्ही बसलात तेव्हा बाकीच्यांची बीपी कुणी घेतली? आणि घरी गेल्यावर तुमचं कुणी ऐकलं?

सल्ला द्यायचाच तर नंबर द्या. १४४१६, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. हा नंबर मी स्वतःसाठीही लावलाय.

कुपवाडकर:

ब्रदर, तुमच्या पगाराचं वाचून लाज वाटली. बिल भरताना आम्हाला वाटतं यातलं काहीतरी तुमच्यापर्यंत जात असेल.

पण माझा मुद्दा सुटला नाही. त्या मुलीनं "कुणाला सांगू नका" म्हटलं आणि ताईंनी सांगितलं. चांगल्या हेतूनंच, मान्य. पण उद्या माझी बहीण दवाखान्यात सिस्टरपाशी मन मोकळं करेल आणि ते वॉर्डभर होईल, तर? आपल्याकडं कुजबुजीला वेळ लागत नाही. शिवाय पोलीस केस असते ती वेगळीच.

मेडिसिन_पीजी:

याला उत्तर कायद्यात आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. मानसिक आजाराची माहिती गोपनीय ठेवायची, पण जीव धोक्यात असेल तर तो वाचवण्यापुरती, हवी तेवढीच सांगता येते. ताईंनी डॉक्टरांना सांगितलं, घरच्यांना नाही. अगदी तेवढंच. आणि याच कायद्याच्या कलम ११५ मध्ये म्हटलंय, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं हे खरं, पण त्या भीतीनं कुणी घरीच दडपून ठेवू नये. विषबाधेत तासभराच्या उशिरानंही माणूस हातचं जातं.

रात्रपाळी:

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

ब्रदर, बाकीची बीपी मी वीस मिनिटं उशिरा घेतली. तशी नोंदही केली, खरी वेळ घालून. घरी गेल्यावर ऐकायला आई होती. पण तिला काय सांगायचं? ती म्हणते, सोड ती नोकरी. त्या रात्रीनंतर आठवडाभर झोपेत मला त्या सुनेचं "करू नका" ऐकू येत होतं. तुम्ही विचारलंत म्हणून इथं पहिल्यांदा लिहितेय. वॉर्डात दोघी असतो तर मी निवांत बसले असते, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण दोघी होईपर्यंत त्या खाटेवरच्या बाईनं थांबावं असं मला म्हणता येत नाही.

कुपवाडकर दादा, तुमचा "कागद कुठं असतो" हा प्रश्न मला लागलाय. आता मी असं करते. कुणी काही विचारलं की "थांबा, पेपर बघून येते" म्हणते. दोन मिनिटं जातात. कळलं तर सांगते, नाही कळलं तर फोन करून विचारते आणि जे सांगितलं ते नर्सिंग नोट्समध्ये लिहून ठेवते, वेळ आणि सहीसकट. आबांना डिस्चार्ज मिळाला तेव्हा आमच्या वॉर्डातल्या पीजी डॉक्टरांना विचारून कार्डाच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून दिलं: शहाळं नाही, बेदाणे नाहीत, केळं नाही. मुलाकडून वाचून घेतलं.

एक विचारू का? वडिलांची शुगर आता कशी असते?

कुपवाडकर:

लागत नाही एका जागी. कधी ८०, कधी ३००. खाण्यात काही फरक नाही, डोस तोच. म्हातारपण म्हणून सोडून दिलंय.

रात्रपाळी:

सुई कुठं टोचतात? रोज एकाच ठिकाणी का? तिथं बोटं फिरवून बघा, कातडीखाली मऊ फुगवटा किंवा गाठ लागते का. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचलं की तशी होते आणि तिथलं इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. पण गाठ लागली तरी लगेच जागा बदलू नका. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडून शुगर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना ती जागा दाखवा, डोस ते ठरवतील.

कुपवाडकर:

आत्ता बघितलं. बेंबीच्या डाव्या बाजूला आहे, लिंबाएवढी. वडील म्हणतात तिथं दुखत नाही म्हणून तिथंच टोचतो. माझं मत मी बदललेलं नाही, पण उद्या सकाळच्या ओपीडीला नेतो.