मादागास्करचा माजुंगासॉरस: थोडी भर

वर एकांनी लिहिलंय की मादागास्करमध्ये डोक्यावर टेंगूळ असलेला, टकरा देणारा शाकाहारी डायनासोर होता. ही समजूत जुनी आहे. तिथे सापडलेल्या कवटीच्या एका जाड तुकड्यावरून 1979 साली त्याला तसं मानलं आणि माजुंगाथोलस असं नाव दिलं. पुढे 1996 मध्ये जवळपास अख्खी कवटी मिळाली आणि सगळंच फिरलं. ते टेंगूळ म्हणजे एका मोठ्या मांसाहारी डायनासोरच्या कपाळावरचं आखूड शिंग निघालं! तोच माजुंगासॉरस.

मला सगळ्यात भावतो तो त्याच्या हाडांवरचा पुरावा. काही हाडांवर दातांचे ओरखडे आहेत. ओरखड्यांमधलं अंतर आणि दाताच्या धारेवरच्या बारीक करवती खाचा जुळतात त्या माजुंगासॉरसच्याच दातांशी. म्हणजे ते आपल्याच जातभाईंना खात होते. मारून की आधीच मेलेलं, हे मात्र ओरखड्यांवरून ठरत नाही.

आणि आपल्याकडचा धागा विसरू नका. गुजरातमधल्या रैयोलीचा राजासॉरस याच कुळातला, 2003 मध्ये त्याला नाव मिळालं. भारत आणि मादागास्कर साधारण 8.8 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि हे दोघेही त्यानंतरचे, सुमारे 7 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. मधे समुद्र पसरला होता तरी कवटीची ठेवण बघा, भाऊबंद लगेच ओळखू येतात.