मुलाचं कन्कशन: तान्हेपणीच्या संसर्गाबद्दल डॉक्टरांनी विचारायला हवं का?

रानवारा: कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का, झालेलं एक पोर आठवड्यात मैदानावर, दुसरं महिनाभर डोकेदुखीनं घरी. मार साधारण तेवढाच. माझ्या मते एक कारण तान्हेपणी शोधावं. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारक पेशी गर्भातच तिथे पोचतात आणि दीर्घकाळ टिकतात. लहानपणी मोठा संसर्ग झाला तर त्या कायमच्या सावध होऊन बसू शकतात, पुढच्या धक्क्याला वाजवीपेक्षा जास्त दाह करू शकतात. मेंदू-संशोधक स्टेसी बिल्बो यांच्या २००५च्या प्रयोगात जन्मानंतर चौथ्या दिवशी ई. कोलाय हे जंतू टोचलेले उंदीर मोठेपणी ठीकच होते. प्रतिकारशक्तीला दुसरा झटका दिला तेव्हाच स्मरणशक्ती घसरली. कन्कशनच्या केसपेपरवर एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि सेप्सिस (अंगभर भिनलेला गंभीर संसर्ग) एवढे दोन प्रश्न हवेतच.

खडूस_काका: त्यातला दुसरा झटका जंतूंच्या घटकाचा होता, डोक्यावरच्या माराचा नाही. मधली उडी तुमची. शिवाय मेंदूच्या वाढीत चार दिवसांचं उंदराचं पिल्लू म्हणजे आपल्याकडचं मुदतीआधी जन्मलेलं बाळ. उद्या लोक बाळाच्या सर्दीलाही दोष देतील. कॅनडात २०१६ साली ९ रुग्णालयांतल्या ३,०६३ कन्कशन झालेल्या मुलांचा अभ्यास छापून आला. त्यावरून कोणाचा त्रास लांबेल याची गुण देऊन अंदाजपट्टी केली, तिच्यात काय आहे? मुलगी असणं, १३च्या पुढचं वय, मायग्रेन, आधीचं लांबलेलं कन्कशन, आवाज न सोसणं वगैरे. तान्हेपण कुठेय?

रानवारा: त्याच पट्टीची अचूकता पडताळणीत ०.६८ आली. ०.५ म्हणजे निव्वळ छापा-काटा. नुसत्या डॉक्टरी अंदाजाची तर ०.५५! म्हणजे बरंच काही निसटतंय.

खडूस_काका: निसटतंय हे मान्य. पण रिकाम्या खुर्चीत तुमचाच पाहुणा बसेल कशावरून?

सातमाशीची_आई: माझी लेक सेप्सिसमधून वाचलेली. फाइल आहे, विचारा खुशाल. पण उत्तर ऐकून डॉक्टर वेगळं काय करणार? खेळातल्या कन्कशनवरच्या ॲम्स्टरडॅमच्या २०२२च्या परिषदेनंतरचा सल्ला सगळ्यांना एकच: पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष आराम, म्हणजे पडून राहणं नाही, स्क्रीन कमी, पण हलकं चालणं-फिरणं त्यातच सुरू. मी घाबरले तर तिला पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवीन, आणि त्यानंच दुखणं लांबेल.

रानवारा: आराम वाढवा असं मी म्हणतच नाहीये, ताई. अशा मुलांना पुन्हा तपासायला लवकर बोलवावं, इतकंच.

खडूस_काका: लवकर बोलवायचं तर सगळ्याच पोरांना बोलवा. त्याला उंदीर कशाला हवेत?