‘स्वेच्छा पुनर्वसन’ : मेळघाटातल्या कोरकूंनी जंगल सोडलं की त्यांच्याकडून सोडवून घेतलं?

जुना कॅशियर
राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं. देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात (आतल्या राखीव भागात) अजून ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं आहेत, त्यांचं पुनर्वसन अग्रक्रमाने करा, असा त्याचा आशय. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

माझी नोकरी अकोट तालुक्यात बँकेत गेली. मेळघाटातून उठलेल्या कोरकू आदिवासींच्या गावांतल्या बऱ्याच लोकांची खाती आमच्या शाखेत उघडली. बहुतेकांचं आयुष्यातलं पहिलंच पासबुक. पुनर्वसनाचा मोबदला तेव्हा कुटुंबामागे १० लाख, त्यातली बरीचशी रक्कम मुदत ठेवीत. आठवडाभरात फाटकाशी मोटारसायकलवाल्यांची पोरं पत्रकं घेऊन उभी राहायला लागली. दुसऱ्या टोकाचाही एक माणूस आठवतो. दर बाजारच्या दिवशी यायचा, दोनशे रुपये काढायचा आणि काचेतून आत बघत विचारायचा, “बाकीचे आहेत ना?” मी आहेत म्हणायचो. तो मान हलवून जायचा. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच.

१० लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला ५,८०० रुपये सुटतात. ज्याला सरपण, मोह, डिंक, भाजी, गुरांचा चारा यांतलं काहीच विकत घ्यावं लागत नव्हतं, त्याला आता मीठमिरचीपासून सगळं विकत. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी-गुल्लरघाटच्या बाजूला उठलेले लोक परत जंगलात शिरले, वनकर्मचारी-पोलिसांशी मोठी चकमक झाली, दोन्हीकडचे लोक जखमी झाले. आपण होऊन सोडलेल्या घरी असं कोणी परत जातं का?

गुगामळ
कॅशियर साहेब, हिशेब अर्धाच मांडलात. कुटुंब म्हणजे अख्खं घर नव्हे. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो. घरात आईबाप आणि तीन मोठे मुलगे असतील तर ४० लाख होतात. २०२१ पासून तर रक्कमच १५ लाख झाली आहे. आणि रोख नको असेल त्याला दोन हेक्टर जमीन आणि घर, असा दुसरा पर्यायही आहे.

मी वनखात्यात नाही, पण वन्यप्राण्यांच्या गणनेला दरवर्षी स्वयंसेवक म्हणून जातो. चुर्णी-वैराट या उठलेल्या गावांची मोकळी कुरणं डोळ्यांनी पाहिली आहेत. जिथं गावची गुरं चरायची तिथं आज सांबरांचे कळप असतात. सिपना, खापरा, गडगा, डोलार, खंडू या नद्या ज्या जंगलातून निघतात ते सलग राहायला नको? १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला हा एक आहे, काल कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली कल्पना नाही.

शिवाय पावसाळ्यात चार महिने रस्ता बंद, अडलेली बाई खाटेवरून न्यायची, हे जगणं त्यांनी जपावं असं वाटणारे आपण कुठे राहतो? गावांनी स्वतः अर्ज केलेत.

सातबारा
अर्ज केलेत, मान्य. पण कशानंतर?

२००६ च्या दुरुस्तीनंतरचा वन्यजीव कायदा आणि वनहक्क कायदा दोन्ही एकत्र वाचा. आधी हक्क निकाली काढायचे. मग त्या जागी माणूस आणि वाघ एकत्र राहूच शकत नाहीत, नुकसान भरून येणार नाही, हे दाखवायचं. मग ग्रामसभेची लेखी, समजून दिलेली संमती घ्यायची. हा क्रम कायद्यातच आहे, माझा नाही. प्रत्यक्षात काय होतं? गाभ्यात आहे म्हणून रस्ता नाही, वीज नाही, शाळेला पक्की खोली नाही, तेंदूवर बंदी, गुरं सोडली की दंड. दहा वर्षं असं ठेवा आणि अकराव्या वर्षी अर्जाचा नमुना घेऊन जा. सही मिळणारच.

आणि ही गावं ‘जंगलात घुसलेली’ नव्हेत. इंग्रजांच्या काळापासून साग तोडायला मजूर लागायचे, म्हणून वनखात्यानेच वनग्रामं वसवली. कोरकू त्याच्याही आधीचे. कर्नाटकात बीआरटी (बिळिगिरी रंगनाथस्वामी) टेकड्यांमध्ये सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तेही व्याघ्र प्रकल्पात. वाघ काही पळून गेले नाहीत.

गुगामळ
बीआरटी दर वेळी फेकू नका. तिथलं जंगल वेगळं, इथल्या चराईचा आणि वणव्यांचा प्रश्न वेगळा.

नानाभाऊ अकोटवाले
राजेहो, तुमचं वाघ आन कायदा चालू द्या. पन ज्या शिवारात हे वस्ती आनून बसवली, त्यायले कोनं इचारलं? आमच्या गावचं ई-क्लास होतं, ढोरं चारायची जागा. येक दिवस मोजनीवाले आले, खुना ठोकल्या, झालं. पयले दोन वर्स लई कुरबुरी झाल्या. पान्याच्या टाकीवरून, मसनवट्यावरून. आता तेच लोक आमच्या वावरात कापूस येचायले येतात. मानसं बेस हायेत, कामाले पक्के. पन तिकडं त्यायची सोताची ज्वारी-कुटकी होती, इथं दुसऱ्याचा कापूस. येकाले म्या इचारलं, गड्या, कसं वाटते? थो म्हने, “इथं रातच्याले लई उजेड हाय.” लाइटच्या खांबाची तारीफ करून रायला का तक्रार, आजून समजलं नाई मले.

कोरकू मास्तर
सगळे आमच्याबद्दल बोलत आहेत म्हणून लिहितो. आमचं गाव उठलं तेव्हा मी बारावीत होतो. आज जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. गाव तिथंच असतं तर झालो असतो का? खरं सांगायचं तर माहीत नाही. धाकट्या बहिणीचं बाळंतपण दवाखान्यात नीट झालं. तिच्या आधी आईची दोन मुलं गेली होती. म्हणून गुगामळ सर रस्त्याचं म्हणाले तेव्हा मला रागही आला आणि खोडूनही काढता आलं नाही.

पण एक विचारतो. आमच्यात माणूस गेला की सिडोली हा विधी करतात आणि त्याच्या नावाचा सागाचा मुंडा, म्हणजे स्मृतिखांब, रोवतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेला असतो. आजोबांचा मुंडा जुन्या गावात आहे. बाबांना तिथं जायचं तर परवानगी लागते, ती कोणाकडे मागायची हेही कोणी धड सांगत नाही. शहानूर गेटवरून सफारीच्या जिप्सीत बसून कोणीही आत जातो, पैसे भरले की झालं. बाबा म्हणतात, आपणही तिकीट काढून जाऊ. ते हे चेष्टेत म्हणतात. निदान मला तसं वाटतं.

आणि माझ्या वर्गात कोरकू मुलं आहेत, ती मराठीत उत्तर देतात, कोरकूत विचारलं की लाजतात. आमच्या गावच्या शाळेत उलटं होतं, मराठीला लाजायचो.

गुगामळ
मास्तर, मुंड्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. वर्षातून ठरावीक दिवशी जायला मुभा द्यायलाच हवी, त्याने वाघाचं काहीही बिघडत नाही. जिप्सीबद्दलही मी भांडणार नाही. पण उरलेल्या गावांचं काय करायचं, ते सांगा. ज्यांना खरंच बाहेर पडायचंय त्यांनाही ‘दबाव आहे’ म्हणून थांबवायचं? मोबदल्यात तर निदान भेदभाव नाही. अठरा पूर्ण असतील तर पैसे, नसतील तर नाही, इतका साधा नियम आहे.

सातबारा
ज्यांना जायचंय त्यांना कोणी अडवत नाही. आधी हक्काचा दाखला हातात द्या, रस्ता-दवाखाना द्या, मग विचारा. तेव्हाही जातो म्हणाले तर मी स्वतः अर्ज भरून देईन.

जुना कॅशियर
गुगामळ, तुमचा तो साधा नियम मी काउंटरवर बसून पाहिलाय. एका घरातल्या दोन भावांचे कागद आले होते. थोरल्याला लग्न होऊन मूल झालेलं, धाकट्याला नुकती मिसरूड फुटलेली. मोबदल्यासाठी वय मोजायच्या कट-ऑफ तारखेला दोघांचंही वय कागदावर सारखंच, सतरा वर्षं सात महिने. दोघांनाही काही मिळालं नाही. शाळेचा दाखला पाहिला तर जन्मतारीख १ जून. मग उत्सुकतेने त्या गावचे बाकीचे दाखले काढून बघितले. निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं. पहिलीत नाव घालताना गुरुजी विचारायचे, कधीचा? आई म्हणायची, मोह पडत होता तेव्हाचा.