वाचक नकाशातली चूक दाखवतो तेव्हा लेखकानं काय म्हणावं?

करंजेकर_सर

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात करंजे पेठेत राहतो, माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. सात वर्षं खपून एक अद्भुतरम्य कादंबरी लिहिली. ३४० पानं, सुरुवातीला मीच काढलेला नकाशा. पदरच्या पैशानं ५०० प्रती छापल्या. त्यातल्या दोनशेवर अजून दिवाणाखाली आहेत. दिवाण उघडला की बायको काही बोलत नाही, नुसती बघते. ते असो.

जानेवारीत १ ते ४ तारखेला साताऱ्यात ९९ वं साहित्य संमेलन झालं, शाहू स्टेडियमवर. एका ओळखीच्या पुस्तकवाल्यानं आपल्या गाळ्याच्या कोपऱ्यात मला दोन फूट टेबल दिलं. चार दिवसांत ३१ प्रती गेल्या. त्यातल्या नऊ माजी विद्यार्थ्यांनी घेतल्या, त्या मी धरत नाही. एकदा 'सर' म्हणून समोर उभा राहिला की बिचाऱ्याला पुस्तक घेतल्यावाचून सुटका नसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, माणसं जेवायला पांगली होती, तेव्हा एक गृहस्थ आले. साठी उलटलेली, पांढरी टोपी, कापडी पिशवी. पिशवीतून माझंच पुस्तक काढलं. पहिल्या दिवशी नेलं होतं आणि दोन रात्रींत वाचून परत आले होते! सही हवी असेल म्हणून मी पेन उघडलं. त्यांनी पुस्तक उघडलं ते नकाशावर, आणि नखानं एक रेघ दाखवली.

"सर, ही तुमची सावळी नदी डोंगरातनं खाली येतीया, आणि गडाच्या अलीकडं हिचे दोन फाटे होत्यात. एक उत्तरेला, एक पूर्वेला. नद्या एकमेकीला मिळत्यात सर, डोंगरात अशा फुटत न्हाईत. समुद्राच्या तोंडाशी फुटली असती तर गोष्ट निराळी." मग जरा थांबून म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्षं पाटकरी होतो. पाणी कुठं जातंय ते बघायचं, एवढंच काम केलं."

आणि मी काय बोललो? हसलो आणि म्हणालो, "अहो, कल्पनारम्य आहे ना! यात घुबडं बोलतात, मग नदी फुटली तर काय बिघडलं?"

ते "बरं" म्हणाले. पुस्तक पिशवीत ठेवलं आणि सही न घेता गेले. ते 'बरं' अजून माझ्या कानातून जात नाही.

आता पुढच्या महिन्यात सांगलीकडच्या एका ग्रंथमहोत्सवात मला पाऊण तास दिलाय, नंतर स्वाक्षरीसाठी टेबलही. बाहेरच्या देशांत फँटसीवाल्यांचे मेळावे भरतात असं ऐकून आहे. तिथं लेखक-वाचक भेटतात कसे? पाऊण तासात भाषण ठोकू का? टेबलावर बसून काय करतात? आणि असा माणूस पुन्हा आला तर काय म्हणू?

---

पुस्तकवाला_हरभटरोड

सर, मी सांगलीत पंधरा वर्षं पुस्तकं विकतोय. अनुभवाचं सांगतो, पटलं तर घ्या.

टेबलामागं बसू नका. बसलेला लेखक हा देणगीची पावती फाडणाऱ्यासारखा दिसतो, माणसं लांबून वळसा घालून जातात. उभे राहा. पुस्तकांची चळत नको, एकच प्रत नकाशाच्या पानावर उघडी ठेवा. कथा-कादंबरीच्या गाळ्यावर माणूस मलपृष्ठ वाचतो आणि ठेवून देतो. नकाशा दिसला की बोट ठेवून "हे काय?" विचारतो. तुमचा पाटकरी त्यातलाच.

सही करताना नाव आधी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घ्या. 'श्रुती'ची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावरून मी एक प्रत वाया गेलेली बघितलीय, ती आता माझ्याच कपाटात आहे. पान गुळगुळीत असेल तर जेल पेन नको. समोरचा लगेच पुस्तक मिटतो आणि सही पलीकडच्या पानावर उमटते.

आणि एक. विकलेल्या पुस्तकावर 'सप्रेम भेट' लिहू नका. हसू नका, हाताला सवय असते. आमच्या गाळ्यावर एका कवींनी तसं लिहिलं, तर मावशी म्हणाल्या, "भेट कसली? दीडशे रुपये मोजलेत की!" 'स्नेहपूर्वक' लिहा, तारीख घाला, गाव घाला.

---

मिरज_जंक्शन

मी रेल्वेतून निवृत्त. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुलीकडे ग्लासगोला होतो. ८ ते १२ तारखेला तिथं वर्ल्डकॉन होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, चला, नाहीतर घरात बसून पाऊसच बघाल." गेलो.

वर्ल्डकॉन म्हणजे विज्ञानकथा आणि फँटसीवाल्यांची जत्रा. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा भरली. महायुद्धातली काही वर्षं सोडली तर दरवर्षी भरते, आणि गाव बदलत राहतं. मला पहिल्याच दिवशी आवडलेली गोष्ट ही, की तिथं तिकीट म्हणत नाहीत, सभासदत्व म्हणतात. बहुतेक लेखकही पैसे भरूनच सभासद होतात. खुर्च्या लावण्यापासून सगळा कारभार स्वयंसेवक बघतात. आपल्याकडं यात्रेची वर्गणी असते ना, तसंच. त्यांचा ह्यूगो म्हणून मोठा पुरस्कार आहे, तोही या सभासदांच्या मतांवर ठरतो. परीक्षक मंडळ नाहीच.

मोठ्या लेखकांपुढं सहीची रांग असते. एका फेरीत किती पुस्तकं आणायची यावर मर्यादा घालतात, म्हणजे पिशवी भरून आणणाऱ्यामुळं मागचे ताटकळत नाहीत. पण सर, तुमच्या कामाचा प्रकार वेगळा आहे. त्याला काफीक्लाच म्हणतात, शब्द जर्मन, अर्थ कॉफी पीत गप्पा. एका टेबलाभोवती एक लेखक आणि आठ-दहा वाचक, साधारण तासभर. नाव आधी नोंदवायचं, जागा भरल्या की संपलं. माइक नाही, सूत्रसंचालक नाही, हार नाही.

मुलीनं दोघांची नावं घातली होती म्हणून मीही बसलो. समोर एक बाई होत्या, घोडे पाळणाऱ्या. त्यांनी लेखिकेला विचारलं (मुलीनं मला कानात सांगितलं) की तुमचा नायक तीन दिवस घोडा पळवतो, तो घोडा खातो कधी? आता ही लेखिका बऱ्यापैकी नावाजलेली. तिनं वही उघडली आणि म्हणाली, "मी हा विचारच केला नव्हता. तुम्ही असता तर काय केलं असतं?" पुढची दहा-पंधरा मिनिटं त्या बाईच बोलत होत्या. चारा किती, पाणी किती, नाल कधी बघायची. लेखिका लिहून घेत होती. माझं इंग्रजी रेल्वेच्या फलकाइतकं, पण त्या बाईंचा चेहरा मला बरोबर कळला.

तुमच्या पाटकऱ्याला फक्त एवढंच हवं होतं, सर. रागावू नका.

रात्री वेगळाच कार्यक्रम. वाचक मंडळी एका खोलीत गिटार घेऊन बसतात आणि गोष्टींवर रचलेली गाणी म्हणतात, त्याला फिल्क म्हणतात. आमच्याकडं एकादशीला भजनाला बसतात अगदी तसं. एक म्हणतो, बाकीचे धरतात. मी टाळ शोधत होतो.

---

विश्रामबागचा_राक्षस

सर, मी सोंग घेणाऱ्यांपैकी. कॉसप्ले म्हणतात त्याला. कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सवाल्यांची जत्रा, आपल्याकडं २०११ मध्ये दिल्लीत दिल्ली हाटला सुरू झालं, आता मुंबईतही होतं. मी सांगलीहून रात्रीच्या बसनं गेलो होतो. चिलखत योगाच्या चटईचं, त्यावर चंदेरी रंग. शिंगं मावली नाहीत म्हणून भडंगाच्या खोक्यात घातली. कंडक्टरनं विचारलं, "कुठल्या गावची जत्रा?" मी म्हटलं, मुंबईची. त्यानं तिकीट फाडलं, पुढं काही विचारलं नाही.

लोक आम्हाला हसतात. पण सांगलीकरांनी तरी हसू नये. ५ नोव्हेंबर १८४३ ला इथंच विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर उभं केलं. त्या काळच्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करत, तलवारी फिरवत यायचे. म्हणजे आमचा धंदा इथला जुनाच आहे.

मुद्द्याचं सांगतो. तिथं एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा माझ्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "दादा, बक्कल उजवीकडं पाहिजे. हा डावखुरा आहे, तलवार उजव्या कमरेला बांधतो." मी लगेच फिरवलं. दिवसभर फोटो काढणारे शंभर भेटले असतील, एकाचाही चेहरा आठवत नाही. त्या पोराचा आठवतो.

तुमच्या कार्यक्रमाला मी येतो, तुमच्या त्या घुबडांच्या राजाच्या वेशात. फक्त तो पायात काय घालतो ते सांगा. पुस्तक वाचलं, कुठंच लिहिलेलं नाही.

---

गणपतीपेठ_६२

एवढं काय त्यात? शाल घ्या, श्रीफळ घ्या, पाऊण तास बोला आणि घरी या. टीका करणारे भेटणारच. प्रत्येकाचं ऐकून नदी बदलायला लागलात तर पुस्तक कधी लिहिणार?

---

ग्रंथपाल_तासगाव

गणपतीपेठकर, नदी बदला असं अजून कुणीच म्हटलेलं नाही.

करंजेकर सर, तुमचे वाचक त्या दिवशी पुस्तक पहिल्यांदाच बघणार असतील तर ते सहीशिवाय मागणार काय? आमचं 'ब' वर्गाचं वाचनालय आहे. दिवाणाखालच्या पाच प्रती आत्ताच पाठवून द्या. मी त्या दहा जणांत फिरवते. दोन निवृत्त शिक्षक, एक कंपाउंडर, बेदाण्याच्या शेडवर हिशेब लिहिणारी एक मुलगी (ती महिन्याला बारा पुस्तकं नेते, आमच्याकडं विक्रम आहे), बाकी कॉलेजची पोरं. त्यांना घेऊन मी कार्यक्रमाला येते. आयोजकांना सांगा, पाऊण तासातली दहा मिनिटं व्यासपीठावर, उरलेला वेळ खाली सतरंजीवर.

संक्रांतीला कृष्णाकाठी औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन असतं, तिकडंही एकदा या. बोलायला नको, नुसतं ऐकायला.

---

खोडशीचा_बंधारा

मी कऱ्हाडचा. पाटकरी बरोबर बोलले, पण अर्धंच बोलले. बाकीचं सांगायला तुम्ही त्यांना वाव दिला नसेल.

आमच्या इथं प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला काटकोनात वळतात. हे तुम्ही नकाशात काढलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, सर, अशा कुठं नद्या मिळतात का? म्हणजे नद्या काय वाट्टेल ते करतात. पण करतात त्याला कारण असतं.

आता कऱ्हाडजवळच्या खोडशीला या. इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. तिथून कृष्णा कालवा निघतो आणि पार सांगली जिल्ह्यात जातो. नदी आपल्या वाटेनं, कालवा आपल्या वाटेनं. उंचावरून बघितलं तर नदीचे दोन फाटेच दिसतात. नदी आपली आपण फुटत नाही, सर. माणसानं फोडली तर फुटते. तुमच्या गडाच्या अलीकडं एक बंधारा दाखवा, काम झालं. मग तो कुणी बांधला, ते तुमचं तुम्ही बघा.

---

करंजेकर_सर

काल रात्री हे सगळं वाचलं आणि झोप आली नाही. साडेबाराला उठून नकाशाची मूळ प्रत काढली. ज्या ठिकाणी सावळीचे फाटे होतात तिथं शिसपेन्सिलीनं आडवी रेघ मारली. बंधारा. पूर्वेचा फाटा आता पाट झाला. मग लक्षात आलं, हा पाट ज्या खोऱ्यात जातो तिथली माणसं कादंबरीत पहिल्यापासून गडाला खंडणी देतात. का देतात ते मी सात वर्षांत कुठंच लिहिलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. आता कळलं, पाण्याची पाळी गडाच्या हातात आहे. पाटाला दार आहे, आणि दार उघडणारा कुणीतरी एक माणूस आहे. या माणसाला पुस्तकात अजून नाव नाही.

ग्रंथपाल बाई, पाच प्रती उद्या एसटीच्या पार्सलनं टाकतो, सोबत पाव किलो कंदी पेढे. सतरंजीचं आयोजकांना कळवलंय. "व्यासपीठावरच्या पाहुण्यांना खाली कसं बसवणार?" असा प्रतिप्रश्न आला, त्यावर काम चालू आहे. राक्षसराव, राजा अनवाणी असतो. घुबडाच्या पायाला पिसं असतात हे मी एका संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर नीट बघितलंय, पण लिहायचं राहिलं. पिसांचं तेवढं बघा. मिरजकर काका, तुमच्या त्या लेखिकेसारखी वही घेऊन येतोय.

आणि कऱ्हाडकर, एक विनंती. ते गृहस्थ कुठले ते मी विचारलं नाही. बोली तुमच्याच बाजूची होती. तुमच्या कालव्यावर अठ्ठावीस वर्षं काम केलेले, पांढरी टोपी घालणारे आणि दोन रात्रींत ३४० पानं वाचणारे पाटकरी कुणाच्या ओळखीचे असतील तर त्यांना एवढंच विचारा, की पाटाच्या दाराला कुलूप असतं का, आणि रात्री किल्ली कुणाकडं असते. त्यांच्या पुस्तकावर सही राहिली आहे, तेही सांगा. मी येईन तिकडं.