शब्दचर्चा : ‘पॅसिव्ह टॅग’ला निष्क्रिय का म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आरएफआयडी टॅगच्या (वस्तूला चिकटवलेली, रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चिपवाली खूण) डिझाइनमधे काय काय शोध लागत गेले यावरचा एक मोठा लेख सध्या मराठीत आणतेय. तांत्रिक भाग समजून घ्यायला जेवढा त्रास झाला नाही तेवढा शब्दांनी दिलाय, चार ठिकाणी गाडी अडलीये.

एक, खुद्द नाव. ‘रेडिओ फ्रीक्वेन्सी आयडेंटिफिकेशन’. माझ्या हातात आलेल्या कच्च्या मसुद्यात ‘रेडिओ आवृत्ती ओळख’ असं होतं. हिंदीत आवृत्ति म्हणजे फ्रीक्वेन्सी हे मान्य, पण मराठीत आवृत्ती म्हटलं की पुस्तकाची दुसरी आवृत्तीच डोळ्यापुढे येते. मग वारंवारता घेऊ की विश्वकोशातली कंप्रता?

दोन, ‘इन्व्हेन्शन’. तीन, ‘पॅसिव्ह’. चार, ‘बॅकस्कॅटर’, याला तर काहीच सुचत नाहीये.

माझं आत्ताचं वाक्य असं आहे : ‘निष्क्रिय टॅग वाचकाकडून ऊर्जा घेऊन आपला संदेश परत पाठवतो.’ व्याकरणात चूक नाही तरी वाचताना काहीतरी खुपतंय, नक्की काय ते सांगाल का?

—

प्रतिसाद

आधी वाचक काढा हो ताई. वाचक म्हणजे तुमचा लेख वाचणारा माणूस. टॅग वाचणाऱ्या यंत्राला रीडर म्हणा.

—

प्रतिसाद

नावाबद्दल. शाळेच्या पुस्तकांतून वारंवारता रुळलाय तेव्हा तोच घ्यावा. कंप्रता शब्द मला मनापासून आवडतो कारण त्यात कंप दिसतो, पण आता तो सांगावा लागतो.

आयडेंटिफिकेशनला कोशांत अभिज्ञान सापडेल आणि लोक त्याला बोजड म्हणून बाजूला टाकतील, म्हणून दोन शब्द त्याच्या बाजूने. संस्कृतात अभिज्ञान म्हणजे ओळखणं, आणि ज्या वस्तूमुळे ओळख पटते ती खूणसुद्धा अभिज्ञानच. शाकुंतलातली अंगठी आठवा, राजाला ओळख पटायला ती अंगठी समोर यावी लागली. तुमच्या टॅगचं नेमकं हेच काम आहे ना? वस्तूला चिकटलेली खूण, आणि खूण पटली की वस्तू पटली. तेव्हा लेखात एकदा ‘रेडिओ वारंवारता अभिज्ञान’ द्या, त्यामागची अंगठी एका ओळीत सांगा, आणि पुढे सगळीकडे बिनधास्त आरएफआयडी लिहा. टॅगला टॅगच म्हणा, बिल्ला म्हटलं की छातीवर लावायचा वाटतो आणि चिठ्ठी म्हटलं की कोणीतरी हाताने लिहिलेली.

—

प्रतिसाद

मी टॅगचे अँटेना डिझाइन करतो, त्यामुळे तुमच्या वाक्यात काय खुपतंय ते लगेच दिसलं. ‘पाठवतो’ हे क्रियापद चुकलंय. पॅसिव्ह टॅग काही पाठवतच नाही, त्याच्याकडे ट्रान्समीटरच नसतो, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

होतं काय की रीडर सतत रेडिओ लहरी सोडत असतो. त्या टॅगच्या अँटेनावर पडतात, थोडी ऊर्जा चिपच्या आत जाते आणि तेवढ्यावर चिप जागी होते (आजच्या चांगल्या यूएचएफ, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या, चिपला १० मायक्रोवॅटहूनही कमी पुरते), आणि मग ती चिप एकच गोष्ट करते, अँटेनाच्या दोन टोकांमधला लोड (विजेचा भार) बदलते, चालू-बंद चालू-बंद. लोड बदलला की अँटेनावरून परत उसळणारी लहर कमीजास्त होते. रीडर ती कमीजास्त होणारी लहर ऐकतो आणि त्यातून शून्य-एक काढतो. म्हणजे लहर रीडरचीच, टॅगने फक्त ती हलवली.

लहानपणी आरसा घेऊन समोरच्या भिंतीवर कवडसा पाडलाय ना? ऊन सूर्याचं, आरसा आपला, आणि आरसा जरा तिरका केला की कवडसा उडतो, सरळ केला की परत येतो, ठरवून केलं तर लांबच्या माणसाला खुणा करता येतात. बॅकस्कॅटर म्हणजे रेडिओचा कवडसा. प्रकीर्णन, प्रतिप्रकीर्णन असले शब्द भौतिकशास्त्राच्या पेपरात बरोबर आहेत पण त्यांनी डोळ्यासमोर काही उभं राहत नाही.

इतिहासातही हेच दिसतं. १९४५ साली मॉस्कोत अमेरिकन राजदूताला सोव्हिएत मुलांकडून लाकडात कोरलेलं राजचिन्ह भेट मिळालं, त्यात सोव्हिएत संशोधक लिऑन थेरेमिनने बनवलेलं ऐकण्याचं यंत्र लपवलेलं होतं, ज्यात ना बॅटरी ना वायर. आतला पडदा खोलीतल्या आवाजाने थरथरायचा आणि बाहेरून लहर सोडली की परतणाऱ्या लहरीवर तो आवाज उमटायचा. १९५२ पर्यंत ते सापडलं नाही, कारण लहर सोडली नाही तर ते यंत्र गप्पच. त्यात ओळखक्रमांक नव्हता म्हणून त्याला टॅग म्हणता येणार नाही, पण तत्त्व तेच. १९४८ मधे हॅरी स्टॉकमनने परावर्तित शक्तीने संदेशवहन यावर निबंध लिहिला, आणि १९७५ मधे लॉस अलामॉस या अमेरिकन प्रयोगशाळेतल्या कोले, डेप आणि फ्रेमन यांनी ‘मॉड्युलेटेड आरएफ बॅकस्कॅटर’ हेच शब्द शीर्षकात घालून काम छापलं. तिन्हीकडे पाठवणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा. तुमच्या क्रियापदात हे आलं पाहिजे असं मला फार वाटतं.

—

प्रतिसाद

मग ‘ओ देतो’ म्हणा की! रीडर हाक मारतो, टॅग ओ देतो. आपणहून कोणी ओ देत नाही, आधी हाक लागते.

—

मूळ प्रश्नकर्ती

ओ देणे!! हे मी आत्ताच्या आत्ता घेतलं. दादा, कवडसाही घेतला, फक्त एक शंका आहे. कवडसा मूळचा म्हणजे छपराच्या फटीतून आत आलेलं ऊन, आरशाचा कवडसा हा नंतरचा विस्तार, पण बोलण्यात दोन्ही आहेत त्यामुळे चालेल असं धरते.

आता पॅसिव्ह. सरळ ‘बिनबॅटरीचा टॅग’ केलं तर? कोणालाही कळेल.

—

प्रतिसाद (अँटेनावाला)

कळेल, पण पुढच्या पानावर फसाल. बॅटरी असलेला पॅसिव्ह टॅग असतो. त्यात बॅटरी चिपला जागं ठेवते, सेन्सर चालवते, पण उत्तर देताना तो तसाच रीडरची लहर हलवतो, स्वतःची सोडत नाही. म्हणून त्याला बॅटरीवाला म्हटलं तरी जात पॅसिव्हच राहते. ॲक्टिव्ह तो, ज्याला स्वतःचा ट्रान्समीटर आहे. थोडक्यात बॅटरी आहे की नाही यावर हे नाव बेतलेलं नाही, लहर कोणाची यावर बेतलंय. आमच्या क्षेत्रातले नवीन लोकसुद्धा इथे चुकतात.

—

प्रतिसाद

लहर कोणाची हाच निकष असेल तर शब्द आपल्याकडे तयार आहे. परप्रकाशी! सूर्य स्वयंप्रकाशी, चंद्र परप्रकाशी, हे आपण सगळे शाळेत शिकलोय. ॲक्टिव्ह तो स्वयंप्रकाशी टॅग, पॅसिव्ह तो परप्रकाशी.

आणि निष्क्रिय तर अजिबात नको. निष्क्रिय वायू म्हणजे ज्यांची कशाशी सहसा रासायनिक क्रिया होत नाही ते वायू. हा बिचारा टॅग तर हाक आली की जागा होतो, नंबर सांगतो, लिहायला दिलं तर लिहूनही घेतो, त्याला निष्क्रिय म्हणणं म्हणजे अन्याय आहे.

—

प्रतिसाद (अंगठीवाले काका)

परप्रकाशी सुंदर आहे. आक्षेप दोन, तेही तपासून घ्यावे म्हणून. एक, चंद्र प्रकाश घेऊन स्वतः काही करत नाही, टॅग मात्र त्यातला वाटा खाऊन चिप चालवतो. दोन, टॅगचा संबंध प्रकाशाशी नाही, रेडिओशी आहे.

दुसऱ्याला उत्तर माझंच मी देतो, रेडिओ आणि प्रकाश दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच, तेव्हा रूपक ओढूनताणून आणलेलं नाही. पहिल्यासाठी मात्र लेखात एक वाक्य खर्च करावं लागेल.

—

प्रतिसाद

मी लेबलं बनवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, एक शब्द तुम्ही विचारला नाहीत पण लेखात येणारच, इनले. लोक टॅग, लेबल, इनले सगळं एकाच मापाने मोजतात.

कपड्याला लावलेलं जाडसर स्टिकर मिळालं तर उजेडासमोर धरून बघा. कागदाच्या आत चंदेरी रेघा दिसतील, ॲल्युमिनियमच्या, पातळ पारदर्शक फिल्मवर. मधोमध एक छोटासा चौकोनी नाहीतर गोल वेढा असतो आणि त्या वेढ्यात एका जागी काळा ठिपका, मोहरीपेक्षाही लहान, बोट फिरवलं तर जेमतेम खरखर लागते. ती चिप. वेढ्याच्या दोन्ही बाजूंना नागमोडी हात लांबपर्यंत जातात आणि टोकाशी बहुतेक वेळा रुंद होतात. ही फिल्म, रेघा आणि ठिपका मिळून इनले. त्यावर छापील कागद आणि गोंद आला की लेबल. प्लास्टिकच्या कवचात घातलं की आम्ही त्याला हार्ड टॅग म्हणतो. इनलेला खालून गोंद असेल तर वेट इनले, नसेल तर ड्राय, याला ओला-सुका करू नका कृपया, ओलं काही नसतं, गोंद असतो.

मला इनलेसाठी ‘जडाव’ सुचतो. कोंदणात हिरा बसवावा तशी अँटेनात चिप बसवतात, आणि ते बसवणं हेच कारखान्यातलं सगळ्यात नाजूक काम. एलियन टेक्नॉलॉजीने तर चिपा द्रवात सोडून त्या आपोआप आपापल्या खाचांत जाऊन बसतील अशी पद्धत आणली होती, एकेक उचलून ठेवायचा वेळ वाचावा म्हणून. हिताचीने ०.४ मिलिमीटर बाजूची चौरस चिप केली ती म्यू-चिप, १२८ बिटांचा क्रमांक, कागदात दडवता येईल एवढी. चिप जेवढी बारीक तेवढी एका वेफरमधून (चिपा कापायच्या सिलिकॉनच्या चकतीतून) जास्त निघते, पण तेवढीच ती कोंदणात बसवणं अवघड.

—

प्रतिसाद (अँटेनावाला)

नागमोडी हा शब्द दिलात म्हणून आभार, लेखात ‘मिअँडर’ला तोच वापरा. आणि ती नागमोड दिसायला छान म्हणून नसते हेही लिहा. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहर साधारण ३३ सेंटिमीटरची, अर्ध्या लहरीचा अँटेना म्हणजे १६-१७ सेंटिमीटर, एवढं लांब लेबल कोण लावणार, म्हणून तार दुमडत दुमडत १० सेंटिमीटरच्या आत आणली. १३.५६ मेगाहर्ट्झला तर लहर २२ मीटरची, तिथे दुमडून काही होत नाही, म्हणून वेटोळं करून जवळच्या चुंबकीय क्षेत्रावर काम भागवतात, ते रीडरच्या बरंच जवळ न्यावं लागतं ते याचमुळे. आणि तिथे कवडसा नसतो, तिथे रीडरच्या वेटोळ्यावर टॅगचा भार पडतो आणि तो भार कमीजास्त होतो. त्यामुळे ताई, बॅकस्कॅटर शब्द यूएचएफपुरताच ठेवा. ‘ओ देतो’ मात्र दोन्हीकडे चालतो.

मधला वेढा कशासाठी, तर चिपचा स्वभाव कॅपॅसिटरसारखा असतो आणि तो वेढा त्याच्या उलट स्वभावाचा, दोघांचं जमलं तरच ऊर्जा चिपपर्यंत पोचते. मी कात्रीने दोन्ही नागमोडी हात कापून नुसता वेढा रीडरजवळ धरून बघितलाय, काही सेंटिमीटरवरून वाचला जातो. पूर्ण टॅग काही मीटरवरून वाचला जात होता. म्हणजे वेढा जुळणीचा आणि हात लांब पल्ल्याचे.

—

मूळ प्रश्नकर्ती

त्या जुळणीला ‘मॅचिंग’ आहे मूळ लेखात, आणि टॅग धातूवर लावला की ‘डिट्यून’ होतो असं. तिथे मी ‘सूर लागणे’ आणि ‘सूर बिघडणे’ असं करायचं म्हणतेय. सितारीच्या तरफेच्या तारा कोणी न छेडता वाजतात, त्यांचा सूर मुख्य तारेशी जुळलेला असेल तरच. धातू जवळ आला की टॅगचा सूर उतरतो, हे वाचणाऱ्याला लगेच लागेल.

—

प्रतिसाद (अँटेनावाला)

डिट्यूनला बरोब्बर. मॅचिंगला मात्र जुळणीच ठेवा, कारण सूर म्हणजे कोणत्या वारंवारतेवर वाजतो ते, आणि जुळणी म्हणजे मिळालेली ऊर्जा किती आत जाते ते. दोन्ही एकदम बिघडू शकतात पण गोष्टी दोन आहेत. आणि धातूचा त्रास नुसता सुरापुरता नाही, धातूला चिकटलेल्या अँटेनाचं क्षेत्रच धातू जवळपास मारून टाकतो. म्हणून आधी मधे फोमचा थर घालून टॅग वर उचलला गेला, आणि त्याहून हुशार युक्ती म्हणजे धातूलाच अँटेनाचा भाग करून घेणं. शत्रूला घरात घेतल्यासारखं आहे ते, मला सगळ्यात आवडणारं डिझाइन.

—

मूळ प्रश्नकर्ती

‘युक्ती’ म्हणालात तिथेच माझा दुसरा प्रश्न येतो. इन्व्हेन्शनला आविष्कार घालावा तर मराठीत आविष्कार म्हणजे प्रकट होणं, कलाविष्कार, भावनांचा आविष्कार. यंत्राला तो हिंदीतून येतो. शोध म्हणावं तर गुरुत्वाकर्षणाचाही शोध आणि टॅगचाही शोध.

—

प्रतिसाद (अंगठीवाले काका)

मराठीला शोध पुरला आहे, पुरू द्या. आजूबाजूच्या वाक्यावरून अर्थ कळतो. मारिओ कार्डुलोला जानेवारी १९७३ मधे स्मृती असलेल्या ट्रान्सपाँडरचं (हाकेला उत्तर देणाऱ्या रेडिओ यंत्राचं) पेटंट मिळालं, त्याच वर्षी चार्ल्स वॉल्टनला किल्लीशिवाय दार उघडणाऱ्या कार्डाचं मिळालं, आणि त्याच वॉल्टनच्या १९८३ च्या पेटंटशी आरएफआयडी ही अक्षरं पहिल्यांदा जोडली गेली असं मानतात, हे सगळे शोध. पण अँटेना दुमडला, फोम घातला, धातू कामाला लावला, या युक्त्या किंवा क्लृप्त्या. पेटंट कायद्याच्या लेखी दोन्ही सारखेच असतील, लेखात मात्र वजन वेगळं दिसू द्यावं. पेटंटला एकस्व आहे, सरकारी कागदात ठीक, तुम्ही पेटंटच लिहा.

—

प्रतिसाद

हाक आणि ओ घेतलंत तर ‘इन्व्हेन्टरी राउंड’ला हजेरी घ्या! सगळे टॅग एकदम ओ द्यायला लागले तर कोणाचंच ऐकू येणार नाही, म्हणून २००४ च्या जेन-टू या यूएचएफ टॅगच्या ठरलेल्या पद्धतीत प्रत्येक टॅग मनाशी एक आकडा धरतो आणि आपली पाळी आली की आधी फक्त १६ बिटांचा तात्पुरता आकडा बोलतो, रीडरने तो ऐकला असं सांगितलं की मगच खरा नंबर देतो. हजेरीची फेरी, पाळी, ओ, सगळं एका ओळीत बसतं. आणि ‘किल’ कमांडला ठार मारणे नको, ‘कायमचा मुका करणे’ म्हणा, कारण टॅग असतो जागच्या जागी, फक्त परत कधीच ओ देत नाही.

—

मूळ प्रश्नकर्ती

घेतलं, सगळं घेतलं. वाक्य आता असं झालंय : ‘यूएचएफचा परप्रकाशी टॅग स्वतःची लहर सोडत नाही. रीडरच्या हाकेतलीच थोडी ऊर्जा घेऊन तो जागा होतो आणि त्याच लहरीचा कवडसा हलवून ओ देतो.’ काकांचा पहिला आक्षेप ‘थोडी ऊर्जा घेऊन’ मधे मिटला असं वाटतंय. जडाव शब्दाबद्दल अजून मन होत नाही, कारण चिप बसवण्याच्या कृतीलाही तोच लागेल, तेव्हा वस्तूला इनले आणि कृतीला जडवणं असं ठेवतेय.

—

प्रतिसाद (लेबलवाला)

चालेल ताई. कारखान्यातही आम्ही वस्तूला इनलेच म्हणतो.